बागूल भाऊसाहेबांचं ऐंशी साल

बागूल भाऊसाहेब रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू करायचे आणि पडद्याकडे नुसते बघत बसायचे. गंगापूर रोडवरच्या आमच्या सहकारी संस्थेत तो एकच कॉम्प्युटर. बाहेर पावतीसाठी ताटकळलेले शेतकरी, आणि हे हाताची घडी घालून निवांत. मी टायपिस्ट. घरचे डबे भरून, बस पकडून आधीच अर्धी झालेली. माझं डोकं उठायचं.

त्या मशीनच्या काही लक्षात राहायचं नाही. बंद केलं की त्याचं घड्याळ गेलं. सुरू केलं की मंगळवार, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी असं दाखवायचं आणि आजची तारीख विचारायचं.

"टाका ना भाऊसाहेब."

"त्याला जरा दम खाऊ द्या. घाई काय शे, ताई?" सटाण्याकडचा माणूस, खुशीत आला की 'शे' यायचाच.

लाईट गेले की पुन्हा तेच. सगळं ऑफिस बोटं मोडायचं, हे एकटे खुलायचे.

मग नवं मशीन आलं. आत बॅटरी, बंद असलं तरी घड्याळ चालू. तारीख विचारायची भानगडच नाही. मला हायसं वाटलं. भाऊसाहेब मात्र पडेल चेहऱ्यानं त्याच्याभोवती घुटमळायचे.

एका सोमवारी मी दुपारपर्यंत पावत्या काढल्या. वणीचे एक शेतकरी आपली परत घेऊन आले. "बाई, हे ऐंशी साल कुठून आणलं? तवा माझा द्राक्षबाग बी नव्हता."

बघते तर सगळ्या पावत्यांवर तीन जानेवारी ऐंशी. म्हणजे सगळं पुन्हा टाईप करणं आलं. भाऊसाहेब खाली मान घालून म्हणाले, "शनिवारी जाताना मीच एक जानेवारी ऐंशी टाकली." मॅनेजरसाहेब भडकले. पुन्हा असं झालं तर गोदामात बदली करीन, आधी ती तारीख बदला, म्हणून केबिनमध्ये गेले.

मी वैतागून विचारलं, "अहो, पण कशासाठी?"

"त्या एक जानेवारीला आमची मालती होती, ताई." मालती त्यांची बायको. ती वारली एवढंच मला ठाऊक होतं. "जुनं मशीन लावलं की तो दिवस मिनिटभर समोर असायचा. तेवढंच बसायचो. वाटलं, हेही बंद केलं की तिथंच थांबेल. पण हे आतल्या आत चालत राहिलं. एकाचे तीन झाले. असंच सोडलं असतं तर संक्रांत आली असती."

"मग?"

"संक्रांतीला तिच्या हातचा तिळगूळ खाल्ला. किंक्रांतीला ती गेली. ते पुन्हा नाही बघवायचं मला." त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "आजची तारीख तुम्ही टाका."

मी टाकली. पण एंटर दाबायला माझाच हात उचलेना.