हुजूरची सावली आणि इंग्रजी अलंकार

अलंकार समजल्याशिवाय सरकारी नोकरी करणं कठीण असतं आणि समजल्यावर अशक्य. तरीही निजामाच्या राजवटीच्या अखेरच्या वर्षांत वरून एक दूरदृष्टीचा हुकूम सुटला: हंगामी कारकुनाला कायम व्हायचं असेल तर त्याने इंग्रजी साहित्यातल्या अलंकारांची परीक्षा द्यावी. (कारभार उर्दूत, रयत मराठीत, तेव्हा इंग्रजीची निकड उघडच होती.)

बिलोलीकडच्या एका कचेरीत हणमंतराव अकरा वर्षं हंगामी होते. आलेले अर्ज नकलून घेणं हे त्यांचं काम. रिवाजाप्रमाणे प्रत्येक अर्जाची सुरुवात अशी व्हायची: 'हुजूरच्या सावलीत रयतेला कसलीही तकलीफ नाही.' त्यानंतर तकलीफ. त्या साली आलेल्या तीनशे बारा अर्जांत रयत तीनशे बारा वेळा सुखी होती. त्यांपैकी दोनशे नव्वद अर्ज विहीर आटल्याचे होते. (उरलेले पाटलाबद्दल.)

उपमा, रूपक वगैरे घोकून हणमंतराव परीक्षेला बसले. चौथा प्रश्न होता: अतिशयोक्तीचं आपल्या अनुभवातलं एक उदाहरण द्या. हणमंतरावांनी अर्जांतलं तेच पहिलं वाक्य इंग्रजी करून, सुवाच्य अक्षरात लिहिलं.

परीक्षक जिलानी साहेब भला माणूस. त्यांनी दार लावून हणमंतरावांना समोर बसवलं.

"ये क्या लिख दिये हणमंतराव? बरोबर म्हणून मार्क दिले तर आपण दोघं बी आत जाऊ."

"इचारलं ते लिहिलं साहेब. याच्याहून मोठं न्हाई सापडलं."

"दुसरं लिहा काही."

हणमंतरावांनी खूप विचार करून लिहिलं: 'अर्जावर ताबडतोब कारवाई होईल.' साहेबांनी कपाळाला हात लावला. बिचाऱ्याचं सगळं आयुष्य कचेरीत गेलेलं, दुसरी उदाहरणं आणणार कुठून? शेवटी साहेबांनी दोन्ही उत्तरांना शून्य दिलं आणि शेरा मारला: 'ही अतिशयोक्ती नसून वस्तुस्थिती आहे.' हणमंतराव दोन मार्कांनी नापास झाले.

फेरपरीक्षेसाठी त्यांनी अर्ज केला. सुरुवात रिवाजाप्रमाणेच केली. आठ महिन्यांनी, म्हणजे ताबडतोब, उत्तर आलं: 'आपणास कसलीही तकलीफ नसल्याचे आपणच कळवले आहे. वरील वाक्य वस्तुस्थिती असल्याचा परीक्षकांचा शेराही जोडलेला आहे. सबब अर्ज निकाली.' हणमंतराव हंगामीच राहिले आणि हंगामीच वारले, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता ते राज्य गेलं. आता असं लाचार कुणी लिहीत नाही. नळाला पाणी नाही म्हणून परवा आपण चौथा अर्ज दिलात, त्याच्या तळाशी 'आपला आज्ञाधारक' लिहिलंत, ती काय, नुसती वस्तुस्थिती.