आधी शब्द, मग घास

रविवारी मिसळीची प्लेट समोर आल्यावर मी वरच्या मजल्यावरच्या अण्णांना सहज म्हणालो, "आज पाव ताजा दिसतोय." एवढीच माझी चूक.

"पाव पोर्तुगीजांचा!" अण्णांनी माझं मनगटच धरलं. "आधी शब्द, मग घास."

पोर्तुगीज गोव्यात उतरून आमच्या सिडकोपर्यंत येईतो तर्री गोठली.

अण्णांनी जन्मभर तारखात्यात शब्द मोजले. सरकारने सोडल्यावर ते आमच्या ताटातले मोजू लागले. शिरा वाढला की इराणला जायचे. बटाट्याला पुन्हा पोर्तुगीज. ऑफिसातून दमून आलेल्या माणसाला एवढा प्रवास झेपत नाही हो! जिन्यात त्यांची चप्पल वाजली की मी पलंगावर आजारी पडायचो. शेवटी त्यांच्या पत्नी, माई, वरून ओरडायच्या, "अहो, सोडा त्यांना! भात निवतोय."

माई गेल्या. अण्णांनी डबा लावला आणि जिन्यात थांबणं सोडलं.

पुढच्या पितृपंधरवड्यात ते आमच्या दारात उभे. "वहिनी, नवमीला सवाष्ण म्हणून याल? हिची पहिलीच अविधवा नवमी. स्वैपाक मीच करणार. सवाष्ण तृप्त होऊन उठली पाहिजे, नाहीतर ही उपाशी राहील." मग माझ्याकडे बघून, "तुम्हीही या."

त्या दिवशी अण्णा मुकाट वाढत होते. शिरा नाही, इराण नाही. बायकोने पहिला घास घेतला, तर हे पळी घेऊन तिच्या तोंडाकडे बघत उभे. मी वरणभात तोंडात घातला आणि "अण्णा..." म्हणालो, तोच बायकोने डोळे वटारले. तोंड तर उघडलेलं. घाईघाईने विचारलं, "अण्णा, भात शब्द कुठला हो?"

"संस्कृतातला भक्त. म्हणजे वाटून दिलेलं." पळी तशीच हातात राहिली. "हे सांगायला लागलो की ही म्हणायची, आधी जेवा. मी कधी ऐकलं नाही... वहिनी, जमलंय ना?"

"वाढा की अजून," बायको म्हणाली. "वरणही घाला."

तिने ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. अण्णा तेव्हा कुठे खाली बसले.

जिना उतरताना मी म्हणालो, "दोनदा घेतलंस?"

"मीठ नव्हतं," ती म्हणाली. "माईंची बरणी फडताळात पिठाच्या डब्यामागे होती. त्यांना सापडलीच नसेल. निघताना पुढे काढून ठेवलीय."