म्हाळसाबाईंचें बिनमोहोर काम कैसें बुडालें

श्री लेखणीस बळ देवो. दप्तरदारसाहेब, काम बुडविलें तें तुम्हीं, आणि दोष ठेविला यंत्रावर. कोणास राग येवो, लिहितों. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख वद्य षष्ठी, ते दिवशीं राज्यांत ऐसें वर्तलें जे, राज्याचें थोरलें दप्तर गिट नामें यंत्रांत असे. कारकुनांनी त्याची नक्कल आपले संगणकीं घ्यावी, आणि तींत फेरफार करावे, आणि कमिट म्हणजे मोहोर करून थोरले दप्तरीं धाडावे, मग इतरांनी पुल करून नवें तें उतरून घ्यावें, ऐसा रिवाज. परंतु दप्तरदारांनी हुकूम केला कीं, अपुरे कामावर मोहोर करील त्याचा भर कचेरींत पाणउतारा होईल. आणि दोघांचा केलाही. तेव्हांपासोन लोक भिऊन चार चार दिवस काम बिनमोहोर ठेवूं लागले.

म्हाळसाबाई कारकून उत्तर पेठेचे पाणीपाळीचा तक्ता दुरुस्त करीत होत्या. पेठ नऊ दिवस कोरडी, कां कीं नळ सोडावयाची वेळच तक्त्यांत चुकलेली. बाईंनी तीन दिवस खपोन, गल्लोगल्ली पुसोन चूक धरिली, आणि दोन ओळी राहिल्या, तोंच हुकूम आला कीं सर्वांनी नकला थोरल्या दप्तराशीं आत्तांच जुळवाव्या. बाईंनी पुल केलें. यंत्रानें साफ नकार दिला कीं, तुमचे बदल बिनमोहोर आहेत, वरोन नवें आलें तर बुडतील, आधीं मोहोर करा अथवा बाजूस ठेवा. यंत्र शहाणें! पण अपुरे कामावर मोहोर करावयास भिऊन बाई दप्तरदारांकडे गेल्या.

"अडतंय तर रेटा. सक्तीनं जुळवा."

"साहेब, माझं लिहिलेलं जाईल हो!"

"जातंय कुठं? यंत्रातलं यंत्रातच राहतं."

ऐसें वदोन साहेबांनी स्वहस्तें कळ दाबिली, आणि तक्ता पुन्हां जुनाच चुकीचा जाहला.

शेजारीं रायाजी घोलप कारकून. त्यासही तोच नकार आला होता. त्यानें गुपचूप स्टॅश केलें, म्हणजे बदल बासनांत बांधोन बाजूस ठेविले, आणि पुल केलें, मग बासन सोडिलें. एके ओळीवर दुसऱ्या कारकुनाशीं तंटा निघाला, तर उठोन पुसोन आला, "काका, ही ओळ तुमची खरी की माझी?" आणि चहा गार होण्याआधीं मिटलें.

मग बाईंस कुतूहल जाहलें कीं, गेलें तें गेलें कोठें? रायाजीनें थोरल्या दप्तराची पाऊलखुणांची वही, जींत दर मोहोर नोंदली जाते ती, उघडिली. पाहतात तों टाकलेलीं, फसलेलीं, खोडलेलीं कामें, एकदां मोहोर जाहली तितकीं सगळीं जिवंत. त्यांत साहेबांचाही एक फसलेला तक्ता निघाला. "बघा बाई, ह्यांचा कचरासुद्धा जपलाय!" बाईंचे तीन दिवस मात्र कोठेंच नाहींत. यंत्र अपुरें सांभाळी, चुकीचें सांभाळी, बिनमोहोर तेवढें न सांभाळी, हें पाहोन मीही चकित जाहलों.

बाई नव्यानें बसल्या, आणि आतां दर गल्लीमागें एक मोहोर, ती साहेबांचे डोळ्यांदेखत. "करा पाणउतारा," म्हणाल्या. कोणी केला नाहीं. बाराव्या दिवशीं पेठेस पाणी आलें.

सारांश, तीन दिवस पेठ अधिक तहानेली राहिली ती यंत्रामुळें नव्हे. साहेब, जी मोहोर काम वांचविते तिचीच लाज लोकांस कां लाविली? जबाब लेखी द्यावा. अपुरा असला तरी चालेल, पण मोहोर करून द्यावा.