'रसधारा'चं शेवटचं दुकान

पैसे पुढे केलेल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे सुरतच्या उधन्यातले जिभाऊ.

माझी त्यांची ओळखही अशीच झाली. मी अमळनेरला बी.ए., बी.एड. करून उधन्याच्या मराठी शाळेत नुकताच लागलो होतो. वडील जिनिंगमध्ये हमाल. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, त्यामुळे पहिल्या पगाराचा मोठा भाग घरी मनिऑर्डरने गेला. उरलेल्यातून विरहाच्या गझलांची एक कॅसेट घ्यावी म्हणून मी 'रसधारा कॅसेट सेंटर'मध्ये शिरलो. काउंटरमागे पन्नाशीचे एक ठेंगणे गृहस्थ उभे होते. शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि एक स्क्रूड्रायव्हर. त्यांनी कॅसेट काढली, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि कॅसेट पाठीमागे धरली.

"गावथीन कव्हय उना?"

"पस्तीस दिवस झाले."

"मंग हाई तुन्हा कामनं नई."

मी मास्तर असल्याचं सांगितलं. त्याने एवढाच फरक पडला की 'तुन्हा'चं 'तुमना' झालं. निर्णय कायम राहिला. "मास्तर, नव्या माणसाने विरह ऐकला की तो तिसऱ्या दिवशी गावाकडच्या ताप्ती लाइनच्या गाडीत बसतो. तीन महिन्यांनी या. तोवर गाव जरा जुनं होईल." आणि त्यांनी माझ्या हातात लग्नाच्या ब्रास बँडची कॅसेट ठेवली.

मी तीन महिने बँडवर काढले. खरं सांगायचं तर गावाला पळून गेलो नाही, त्यात त्या बँडचा वाटा आहेच.

जिभाऊ स्वतः अठराव्या वर्षी शिंदखेड्याकडून आले, वीस-बावीस वर्षं कापड विणणाऱ्या लूमवर उभे राहिले आणि शेठचा बिघडलेला टेप दुरुस्त करून दिल्यामुळे या दुकानात आले. 'रसधारा'ची सुरतेत सहा दुकानं होती. सगळीकडे सारखी पिवळी पाटी, सारखे काचेचे दरवाजे. मालक रमणशेठ, आणि शेठचा मुलगा केतन कॉलेज संपवून नुकताच धंद्यात उतरलेला. नियम असा, की कॅसेट नावाच्या क्रमाने लावायच्या. पाच दुकानांत तसंच होतं. उधन्यात जिभाऊंनी फळ्यांवर खडूने लिहिलं होतं: 'नवे आलेले', 'नुकतं लग्न', 'सासरा घरी आहे', 'मुकादमाशी भांडण'. केतन तपासणीला येणार म्हटलं की ते कॅसेट नावाच्या क्रमाने लावत आणि त्याची स्कूटर नाक्यावरून वळली की पुन्हा पूर्ववत करत.

व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्यातही त्यांचे कायदे होते. कोणी आईचा रडका पिक्चर मागितला की विचारत, "गावाला शेवटचा कधी गेला?" वर्ष झालं असेल तर म्हणत, "आधी तिकीट दाखव, मग पिक्चर ने." लूमसाठी बॉबिनवर सूत भरणारा आमच्या गल्लीतला एक बॉबिनवाला चिडून म्हणाला, "जिभाऊ, तुम्ही दुकानदार का डॉक्टर?" जिभाऊ शांतपणे म्हणाले, "डॉक्टर बरा. तो सुई देऊन सोडतो. तू रडत बसशील आणि तुझ्या बॉबिन मला भरायला लागतील." बॉबिनवाला दुसऱ्या दिवशी खरोखरच तिकीट काढून आला.

मग केबल आली. महिन्याकाठी थोडे पैसे दिले की घरबसल्या दिवसभर पिक्चर. व्हिडिओ कॅसेट न्यायला कोण येणार? पाठोपाठ स्टेशनसमोर हातगाड्या लागल्या. एकेका कॅसेटमध्ये चार-चार पिक्चरची गाणी, निम्म्या किमतीत. त्यावर कडी म्हणून चकचकीत सीडी आली. 'रसधारा'चे काचेचे दरवाजे एकामागून एक बंद झाले. अडाजणच्या दुकानात आइस्क्रीम विकू लागले, वराछ्यात पेजर, चौकातल्या दुकानात ड्रेसचं कापड. पाचही ठिकाणचा न खपलेला माल आणि गिऱ्हाइकांना ऐकवायचे टेप-डेक टेम्पोतून उधन्याला येऊन पडले, कारण इथलं भाडं सगळ्यांत कमी. जिभाऊंनी एकेक डेक पुसून, तेल घालून भिंतीला लावला. बारा होते.

त्या वर्षी होळीच्या सुमारास केतन आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "जिभाऊ, वैशाखात भाडेकरार पूरो थाय छे. पछी आ पण बंद. तुम्हाला सचिन भागातल्या गोडाउनवर वॉचमन ठेवू."

म्हणजे करार संपला की हेही दुकान बंद. जिभाऊ "बरं" म्हणाले. वॉचमन म्हणजे एका बंद दारासमोर दिवसभर बसायचं. ज्या माणसाला दिवसातून शंभर जणांना 'गावाहून कधी आला' विचारल्याशिवाय जेवण जात नव्हतं, त्याला हे कसं जमायचं, ते मला कळेना. मी काही सुचेना म्हणून शाळेतली एक गंमत सांगितली. पाचवीच्या मुलींना मी 'आखाजी'वर निबंध लिहायला दिला होता. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात लग्न झालेल्या लेकी या सणाला माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. एका मुलीने लिहिलं होतं, 'आखाजीला शेजारचे लोक गावी जातात, म्हणून नळाला पाणी जास्त वेळ येते.'

मी हसलो. जिभाऊ हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारावर कागद होता: 'ज्या बायांना आखाजीची गाणी येतात त्यांनी मंगळवारी दुपारी यावे. चहा मिळेल.'

सात जणी आल्या. त्यांत म्होरक्या वच्छलामाय, साठीच्या, धागे कातरायचं काम करणाऱ्या. गाण्यांचे शब्द लिहून घ्यायला जिभाऊंनी मला बसवलं. मला थोडं अवघडल्यासारखं झालं. कॉलेजात पाच वर्षं मी अहिराणी तोंडातून निघू नये म्हणून जपलं होतं, आणि आता तीच वहीत उतरवत होतो. पहिल्याच गाण्याला भांडण झालं. दोंडाईच्याची बाई म्हणे कडवं असं आहे, पारोळ्याची म्हणे तसं आहे. जिभाऊंनी निकाल दिला, "दोंडाईचा पहिल्या बाजूला, पारोळा दुसऱ्या बाजूला. आता गा."

आवाज स्वच्छ यावा म्हणून त्यांनी कमालीची काळजी घेतली. पंखा बंद. शटर अर्धं खाली. रडणारं एक तान्हं आजीबरोबर बाहेर. समोरच्या चहावाल्याला स्टोव्ह बंद ठेवायला सांगितलं. इतकंच काय, मी वहीचं पान उलटलं तर माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. तास-दीड तास बाया घामाने भिजून गायल्या. मी इतकी वर्षं विसरलेला आईचा आवाज मला त्यात ऐकू येत होता. ती घरी सुखरूप होती, पण मी ऐकायचं सोडलं होतं.

ती कॅसेट घेऊन आम्ही दोघे रिंगरोडला शेठच्या घरी गेलो. रमणशेठ पाटावर बसून लक्षपूर्वक ऐकू लागले. दोन मिनिटांनी त्यांनी हात वर केला.

"जिभाऊ, आ पाछळ शुं खटखट आवे छे?"

"कसली खटखट, शेठ?"

पुन्हा लावलं. मी कान लावला. गाणं तर नितळ होतं. जिभाऊ म्हणाले, "तुमच्या टेपचं हेड खराब असेल." केतनने दुसऱ्या टेपवर लावलं. शेठ म्हणाले, "आ पण खटखट." आम्हाला तरीही नुसतं गाणंच ऐकू येत होतं. शेवटी शेठनी बोटांनी पाटावर ठेका धरला, खट-खट, खट-खट, आणि एकदम आम्हाला ऐकू आलं. दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना आहे. चाळीस लूम दिवसभर चालतात. आम्ही पंखा बंद केला, स्टोव्ह बंद केला, तान्हं बाहेर पाठवलं; पण लूम सात बायांना, जिभाऊंना, मला, कोणालाच ऐकू आले नव्हते. उलट बाया गाणी म्हणत होत्या तीसुद्धा त्याच ठेक्यावर.

केतन हसून लोळला. "पप्पा, आ तो लूमनी कॅसेट छे."

जिभाऊंचा चेहरा उतरला. आम्ही रिक्षाने परत निघालो. पुन्हा गाऊन घ्यावं तर वच्छलामायचा घसा बसलेला, दोघी सासरच्या गावी निघालेल्या, आणि आखाजीला सहा आठवडे. उधना दरवाज्याला आल्यावर ते म्हणाले, "मास्तर, हाई कोणासाठी आहे?"

"आपल्या लोकांसाठी."

"त्यांना खटखट ऐकू येणार नाही. आजच कॉपी काढतो."

बंद पडलेल्या पाच दुकानांचे डेक कामाला आले. बाराच्या बारा एकमेकांना जोडून जिभाऊ रोज सकाळपासून कॉपी काढत बसले. पेटीवरचं नाव मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'आखाजी, उधना'. पहिल्या आठवड्यात कॅसेट शेजारच्या गल्ल्यांतून गेल्या. जिभाऊंनी इथेही कायदा सोडला नाही. एक कॅसेट घरी ठेवायला मागितली की म्हणत, "एकच घेशील तर देत नाही. दोन घे. एक गावाला पाठव." भुसावळ पॅसेंजरमधून, मुलाच्या, भावाच्या, गाववाल्याच्या पिशवीतून कॅसेट खानदेशात गेल्या.

आणि गावात मात्र ती खटखट सगळ्यांना ऐकू आली.

शिंदखेड्याहून परतलेला एक कारागीर सरळ दुकानात आला. तो म्हणाला, "जिभाऊ, मायने विचारलं, मागे हा आवाज कसला? मी सांगितलं, लूमचा, आम्ही जिथे राहतो तिथला. तर ती म्हणते, 'गाना मले येतंस. मन्हा पोऱ्या जठे ऱ्हास तठला आवाज लाव.' रोज तेच लावते. शेजारणी ऐकायला येतात. मला अजून दहा द्या."

जिभाऊंनी दहा कॅसेट बांधल्या. बांधताना सुतळीची गाठ त्यांना दोनदा सोडावी लागली.

त्यानंतर काय झालं ते उधन्यात सगळ्यांना माहीत आहे. नंदुरबारहून, दोंडाईच्याहून, साक्रीहून निरोप आले. बारडोलीच्या साखर कारखान्यावरचे लोक आले. पांडेसऱ्यातून सायकलींवर डबलसीट आले. स्टेशनच्या हातगाडीवाल्यांनाही नक्कल काढून विकता आली असती, पण लोक त्यांना विचारत, "जिभाऊने दिली का?" आणि पुढे जात. चैत्र संपता संपता दुकानासमोर रांग लागू लागली. 'रसधारा'च्या सहाही दुकानांसमोर अशी रांग कधी लागली नव्हती.

आखाजीच्या चार दिवस आधी रमणशेठ स्वतः गाडीतून उतरले. रांग मोडून आत जाऊ लागले तर तिकीट काढून आलेला तो चिडका बॉबिनवाला म्हणाला, "काका, लाइन मां आवो." शेठ निमूट मागे जाऊन उभे राहिले. अर्ध्या तासाने काउंटरपाशी पोचले.

"एक आखाजी."

जिभाऊंनी वर पाहिलं. मागे माणसं उभी होती. ते आदबीने, पण ठामपणे म्हणाले, "शेठ, हाई तुमना कामनं नई."

सगळी रांग हसली. शेठही हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "जिभाऊ, भाडेकरार मी काल नवा केला. पाच वर्षांचा. माझ्या सहा दुकानांत एक ज माणसने खबर हती के गिऱ्हाईक कोण छे." केतन मागे उभा होता. त्याने फळीवरचं 'मुकादमाशी भांडण' वाचलं आणि त्या फळीवरची एक कॅसेट मुकाट्याने विकत घेतली.

शहरातला प्रत्येक मोठा कॅसेटवाला शटर ओढत असताना लूमच्या भिंतीला टेकलेलं आमचं दुकान उभं राहिलं, याचा मला आजही अभिमान वाटतो. कॅसेटवर माझ्या हस्ताक्षरात लिहिलेले ते दोन शब्द मी पदवीच्या कागदाइतकेच मानतो.

आखाजीच्या दिवशी मात्र रांगेतल्या लोकांना शटर अर्धं खाली दिसलं. जिभाऊंनी सातही बायांना निरोप धाडला होता, 'एक गाणं राहिलंय, दुपारी या.' मलाही वही घेऊन बोलावलं. आत गेलो तर एकही डेक लावलेला नव्हता. फरशीवर वर्तमानपत्रं अंथरलेली, त्यावर स्टीलची ताटं, पातेलंभर आमरस, आणि जिभाऊंनी स्वतः लाटलेल्या पुरणपोळ्या. एकीचाही आकार दुसरीशी जुळत नव्हता आणि कडा सगळ्यांच्या करपलेल्या. प्रत्येक ताटाशेजारी घडी घातलेला एक ब्लाउजपीस.

बाया दारातच थबकल्या. त्या सातांपैकी एकीलाही त्या वर्षी माहेरी जाता आलं नव्हतं.

"उभ्या का? बठा," जिभाऊ म्हणाले आणि रस वाढायला वाकले.

वच्छलामाय बसल्या. त्यांनी ब्लाउजपीस हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि सहज विचारलं, "भाऊ, तुन्ही बहीन कोठे दिधी?"

मी जिभाऊंकडे पाहिलं. त्यांना बहीण नव्हती, हे मला नंतर कळलं. आई गेल्यापासून शिंदखेड्याच्या घराला कुलूप होतं. इतक्या वर्षांत त्यांनी हजारो माणसांकडे गावाची चौकशी केली. खुद्द जिभाऊंना त्यांच्या गावाबद्दल विचारायचं आमच्यातल्या कोणालाच सुचलं नव्हतं.

जिभाऊ पुढच्या ताटाकडे सरकले. "आठेच, उधन्यात," ते म्हणाले. "जेवा आधी. रस गरम होतो."

 वच्छलामायने आपलं ताट थोडं बाजूला सारलं आणि शेजारी जागा केली.

"मंग तू बी बठ."

जिभाऊ बसले. वच्छलामायने त्यांच्यासमोर पोळी वाढली, तिची करपलेली कड सगळीकडून मोडून आपल्या ताटात घेतली, आणि उरलेल्या मऊ पोळीवर वाटीभर रस ओतला.