पासपोर्ट, बाल्दी आणि सगुणमामा

“डिचोलीतला पहिला गुप्तहेर मी, आणि दुसऱ्याची गरज पडू नये इतका चांगला!” असं जाहीर करत सगुणमामा पेडण्याला बहिणीच्या घरात शिरला. एरवी तो आपल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात चारचौघांसारखं बोले. तपास अंगात आला की त्याची भाषा एकदम इस्त्रीची होई. आजवर त्याने उलगडलेली सगळी रहस्यं कॉम्प्युटरवरच्या साहसी खेळांतली होती, पण एवढ्या तपशिलात तो शिरत नसे.

त्याच्या भाचीला, गौरवीला, तो तपशील ठाऊक होता. दुपारी मोप्याच्या विमानतळावरून तिचं मस्कतचं विमान होतं. तिथल्या इस्पितळात नर्सची पहिली नोकरी, आणि पासपोर्ट कपाटातून गायब! अंगणात टॅक्सीवाला अनंत झेंडूची माळ घातलेली गाडी घेऊन उभा होता. आई, सत्यवती, खंडेनवमीच्या नैवेद्यात बुडाली होती. मामाला फोन तिनेच केला होता.

“पहिला नियम,” मामा म्हणाला, “जे उचलता येतं ते उचलायचं.” बघता बघता त्याच्या पिशवीत दोरी, आमटी ढवळायची कुलेर, खिडकीची तुटकी कडी आणि खोबरं खोवायची आदोळी गेली.

“आदोळी कित्या, मामा? आईक आता नारळ खोवचो आसा!”

“आदोळीशिवाय तो दरवाजा उघडणार नाही.”

“खंयचो दरवाजो?”

“तो आल्यावर कळेल.”

दुसरा नियम असा की विहीर दिसली म्हणजे तिच्यात काहीतरी असतंच. मामाने मेलेल्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून आत सोडलं. पासपोर्ट लोखंडाचा नसतो, हे गौरवीने सांगून पाहिलं. “तर्काला आडवी येऊ नकोस,” मामा म्हणाला आणि त्याने शेजाऱ्यांची कधीची हरवलेली बाल्दी वर काढली.

“बघ! रहस्य सुटलं.”

“कसलां?”

“बाल्दीचं.”

मग संशय अनंतावर गेला. खेळात दारातल्या पहारेकऱ्याला सरळ काही विचारून चालत नाही. त्याला हवी ती वस्तू द्यावी लागते, तेव्हा कुठे तो गुपित बोलतो. मामाने त्याला काकडी दिली. मग एक चप्पल दिली. मग कुलेर दिली. प्रत्येक वेळी “पासपोर्ट कुठे आहे?” हाच प्रश्न, कारण तिसऱ्या खेपेला उत्तर बदलतं म्हणे. तसं ते बदललंही.

“रे सगुणा,” अनंत म्हणाला, “तुका बरां नाय काय?”

गौरवीला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. रात्र रात्र जागून शिकायचं ते काय, आपलं विमान डोक्यावरून जाताना अंगणात दुसऱ्याची बाल्दी धरून बघत राहायला?

“मामा, देवाच्या खोलीत बघुया?”

“छे! ते नुसतं मागचं चित्र. खेळात जी वस्तू हलत नाही ती रंगवलेली असते, तिच्यात सुगावा नसतो. सरस्वतीपुढे मांडलेली पुस्तकं आज हलवता येतात का? उद्या दसरा उजाडेपर्यंत नाही. म्हणजेच?”

मांडलेल्या पूजेला हात लावायची गौरवीची तरी कुठे छाती होती!

इतक्यात सत्यवती हात पुसत बाहेर आली. “गौरवी, चल गो. वेळ झालो,” म्हणाली, आणि सरळ देवाच्या खोलीत गेली. तिने पाटावर अक्षता वाहिल्या. “आई सरस्वती, हिचां एवढां सोड. बाकीची सगळी तुझ्यापुढेच आसत,” असं म्हणून नर्सिंगच्या पुस्तकांखालून तिने पासपोर्ट ओढून काढला. त्यावर हळदकुंकू होतं.

“तुका म्हायत होतां?” गौरवी किंचाळली. “मगे सांगूक काय झालां?”

“सकाळी पुजेक लावलंय. पोर परदेशी जाता, तिचां पुस्तक देवीक दाखवक नको?” सत्यवतीने नजर वळवली. “तू शोधूक लागलंस तेव्हाच काढून देतलंय होतंय. पण दिलो असतो तर तू तेव्हाच टॅक्सीत बसतलंस. म्हटलां, सगुणाक बोलवया. तो शोधूक लागलो म्हणजे काय सापडाचां नाय. तेवढो वेळ तरी पोर घरात रवात.”

हसावं की रडावं ते गौरवीला कळेना. तिने आईच्या गळ्यात पडून दोन्ही उरकलं. अनंताने हॉर्न वाजवायला उचललेला हात खाली घेतला.

मामा बाल्दी घेऊन उभाच होता. बराच विचार करून, इस्त्रीची भाषा विसरून, त्याने विचारलं, “म्हणजे ताय, तू माझ्या भरवशार होतंस?”

“होय रे बाबा,” सत्यवती डोळे पुसत म्हणाली. “पूर्ण भरवशार.”

मामाची छाती फुगली. इतका मान त्याला कुठल्याच खेळाने दिला नव्हता.