अभिरूप संसदेतली खरी कडी

लोकशाही ही पुस्तकातून शिकण्याची गोष्ट नसून अनुभवण्याची गोष्ट आहे. हे वाक्य नागरिकशास्त्राच्या पुस्तकात पान चारवर असून ते दरवर्षी परीक्षेला येतं. (गाळलेली जागा भरा, एक गुण.)

शिक्षण खात्याला हे वाक्य पटलं, कारण ते खात्यानेच छापलं होतं. मग नववीच्या मुलांना लोकशाहीचा अनुभव मिळावा म्हणून प्रत्येक शाळेने अभिरूप संसद भरवावी, असं परिपत्रक निघालं. अनुभव पस्तीस मिनिटांत आटोपायचा होता. पुढचा तास गणिताचा होता.

या शाळेत ही जबाबदारी आली नागरिकशास्त्राच्या सरांवर. मुलं त्यांना पाठीमागे 'परिशिष्ट' म्हणत. हजेरीपटात सरांचं नाव सगळ्यात शेवटी, रेघ मारून तिच्याखाली लिहिलेलं असे. गेली नऊ वर्षं ते तात्पुरते होते. सुट्टीनंतर आपल्याला परत बोलावतील की नाही, या काळजीत त्यांची प्रत्येक सुट्टी नासत असे. (निदान काळजी तरी कायमची आहे, असं त्यांची बायको म्हणे.) यंदा मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, त्यांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की खात्याच्या तपासणीत संसदेला नव्वदच्या वर गुण पडले तर सर कायम होतील. कमी पडले तर पुढच्या वर्षी त्यांनी यायची तसदी घेऊ नये.

सर जिवाचं रान करून कामाला लागले. परिपत्रकासोबत गुणांचा तक्ता होता. अध्यक्षांनी घंटा वाजवण्याला पाच गुण. प्रश्न स्पष्ट आवाजात विचारण्याला वीस. उत्तर न अडखळता देण्याला वीस (उत्तर प्रश्नाशी संबंधित असल्यास उत्तम, नसल्यास चालेल). उत्तराने समाधान न झाल्यामुळे विरोधकांनी सभात्याग करण्याला पंचवीस, पाच मिनिटांत परत येण्याला दहा. उरलेले वीस गणवेशाला.

मंत्रिमंडळ याच तक्त्यावरून निवडलं गेलं. पंतप्रधानपदासाठी मात्र रीतसर मतदान झालं. संस्थाचालकांचा भाचा हा एकच उमेदवार असल्याने मतं फुटली नाहीत. बांधकाममंत्री झाला सुताराचा मुलगा, कारण तो उंच होता आणि मागच्या रांगेतूनही दिसायचा. विरोधी पक्षनेतेपद शिंपीणबाईंच्या मुलीकडे गेलं. तिचा आवाज खणखणीत होता आणि गणवेश घरीच शिवलेला.

प्रश्नही सरांनीच लिहिले, उत्तरंही सरांनीच. दोन्ही बाजूंनी दोन्ही पाठ केली. सहा तालमी झाल्या. सहाही वेळा विरोधी पक्षनेतीने देशातल्या पुलांची स्थिती विचारली, बांधकाममंत्र्याने समिती नेमल्याचं सांगितलं आणि विरोधक अकरा वीसला बाहेर पडून अकरा पंचवीसला परत आले.

सातव्या तालमीत घात झाला. शिंपीणबाईंची मुलगी उठली, तिने हातातला कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला सव्वादोन वर्षं कडी नाही. एक आत गेली की दुसरीला बाहेर दार धरून उभं राहावं लागतं. दोघींची मधली सुट्टी त्यातच जाते. कडी कधी बसणार?"

बांधकाममंत्र्याने कागद पालथा घालून पाहिला. तिथे उत्तर नव्हतं. तेव्हा बिचारा जे तोंडाला आलं ते बोलून गेला.

"मला माहीत नव्हतं. उद्या बसवतो."

अध्यक्षांना काही सुचेना, म्हणून त्यांनी घंटा वाजवली.

दुसऱ्या दिवशी तो खरोखरच बापाचा पेचकस आणि दुकानातली एक जुनी कडी घेऊन आला. काम अकरा मिनिटांत झालं. लागले चार स्क्रू. मधल्या सुट्टीत मुली उगाचच आत जाऊन कडी लावून काढून बघत होत्या. शिक्षकांच्या खोलीत बसलेल्या सरांना तो खटखट आवाज ऐकू येत होता आणि त्यांना फार आनंद झाला. आपण शिकवलेलं काहीतरी नऊ वर्षांत पहिल्यांदाच शाळेच्या भिंतीबाहेर नाही, तरी निदान वर्गाबाहेर पोचलं होतं. हा आनंद शिपाई बोलवायला येईपर्यंत टिकला.

मोठ्या बाई मनाने वाईट नव्हत्या. मनाचा प्रश्न त्यांच्यापर्यंत यायचाच नाही, फाईल यायची. कडीची फाईल 'पाहणी' या टप्प्यावर होती. पाहणीनंतर शिफारस, शिफारशीनंतर मंजुरी, आणि मंजुरी मिळायच्या आधीच कडी दारावर. म्हणजे कागदोपत्री पाहता कुणीतरी शाळेच्या दाराला चार भोकं पाडली होती. शिवाय ही बातमी वर्गभर झाली होती. तपासणी अधिकाऱ्यांसमोर एखाद्या मुलीने कडीचं नाव काढलं, तर विरोधकांचं समाधान झाल्याचं उघड होणार आणि समाधान झालेल्यांना सभात्याग कसा करता येईल? पंचवीस गुण तिथेच बुडाले, आणि जे गेलेच नाहीत ते परत कुठून येणार, म्हणून वरचे दहाही.

"तपासणीपुरती काढून ठेवा," बाई म्हणाल्या. "आणि जबरदस्ती नको हं सर. मुलांनाच ठरवू दे. लोकशाही आहे."

सरांनी वर्गात सगळं खरं सांगितलं. कडीचं सांगितलं, फाईलचं सांगितलं आणि शेवटी, खडूकडे बघत, स्वतःच्या नोकरीचंही सांगितलं. एका मुलाने विचारलं की सरांचं स्वतःचं मत काय. शिक्षकाने तटस्थ राहायचं असतं, असं सर म्हणाले.

हजर मुलं एकेचाळीस. कडी काढण्याच्या बाजूने एकोणचाळीस हात. तटस्थ एक (तो झोपला होता). विरोधात एकटा बांधकाममंत्री. नीट बसलेली कडी काढायची नसते, एवढंच त्याचं म्हणणं होतं. शिंपीणबाईंच्या मुलीचा हात सगळ्यात आधी वर गेला होता.

"कडी परत लावता येते, सर," ती म्हणाली. "तुम्ही गेलात तर परत येणार नाही."

सरांना भरून आलं. त्यांनी फळ्याकडे तोंड करून मतांची बेरीज दोनदा केली.

तपासणी दणक्यात पार पडली. पुलांची स्थिती विचारण्यात आली, समिती नेमण्यात आली. विरोधी पक्षनेती बाहेर पडताना इतकी संतापलेली दिसली की तपासणी अधिकाऱ्यांनी शेऱ्यात 'अभिनय अत्यंत नैसर्गिक' असं लिहिलं. शंभरपैकी सत्त्याण्णव गुण पडले. (तीन गुण पंतप्रधानांच्या बुटांच्या नाड्यांनी घालवले.) सर कायम झाले आणि हजेरीपटात रेघेच्या वर आले.

तपासणीनंतर चौथ्या दिवशी बांधकाममंत्री आणि विरोधी पक्षनेती पेचकस घेऊन सरांसमोर उभे राहिले. सरांनी तोंड उघडलं. 'बसवून टाक' असंच म्हणायचं होतं. पण नऊ वर्षांत त्यांच्या सहीला कुणी विचारलं नव्हतं, आणि आता कडीच्या फाईलवर ती लागत होती.

"बसवू ना," सर म्हणाले. "आता रीतसर बसवू."

मुलगी "बरं सर" म्हणाली आणि मैत्रिणीसाठी दार धरायला गेली. सरांना लाज वाटली. ती बराच वेळ टिकली, म्हणजे मधली सुट्टी संपेपर्यंत.

पुढे पालकसभा झाली. आदर्श संसदेबद्दल सरांचं अभिनंदन करावं आणि कडीच्या विषयासाठी त्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमावी, असा एकच ठराव होता. कुणाची हरकत आहे का, असं मोठ्या बाईंनी दोनदा विचारलं. कुणाचीच नव्हती.

आता आपल्याबद्दल. आपण सुरुवातीपासून इथे हजर आहात. सरांची नोकरी टिकावी असं आपल्याला मनापासून वाटत होतं, ते कायम झाले तेव्हा बरंही वाटलं, आणि मधे कुठेही आपण हात वर केला नाहीत. त्यामुळे ठरावाच्या बाजूने आपलंही मत धरण्यात आलं आहे. सही केली नाहीत तरी चालेल.