पिस्तारंगी गाडीची मोहीम व पुढले आसन हस्तगत जाहल्याची हकिकत

वाचणारांचे सेवेसी लिहिणार अर्ज करितो ऐसा जे, मोहिमेचा मजकूर घडला तैसा लिहिला आहे, तिखटमीठ लाविले नाही, आणि लाविले असेल तर ते चवीपुरतेच, याजकरिता कसूर माफ असावी.

श्रीमंत बाबासाहेब हे मोटार शिकविणारे निवृत्त उस्ताद. गाडी पाठमोरी दिसो की चिखलात माखो, तिचे कूळ सांगावे ऐसा त्यांचा लौकिक. त्यांणी घरात दस्तूर घातला होता की, वाटेवरील अनोळखी गाडी जो ओळखील त्याणे मोटारीत पुढे बसावे, आणि गाडीच्या मालकास पुसणे हा घराण्यास बट्टा समजावा. या दस्तुराचे जोरावर खासे बाबासाहेब वर्षानुवर्षे पुढे पाय पसरोन बसत, आणि त्यांचे कुटुंब बाईसाहेब, ज्यांचे गुडघे कुरकुरत, त्या मागे पिशव्यांचे वेढ्यात अंग चोरोन बसत. त्यांची दाद कोणी घेत नसे.

एके दिवशी मावशीकडे जेवणास स्वारी निघाली, कन्या मोटार हाकीत होती आणि मागे बाईसाहेबांचे बंधू, म्हणजे मेहुणे, होते. तो एक पिस्तारंगी गाडी पुढे गेली. टपावर सायकल उताणी बांधलेली आणि कुशीस घरची खिडकी, पडद्यासुद्धा. कोणा हौशीने जुन्या गाडीचे फिरते घर केले होते, परंतु मूळची ती कोणत्या कामाची, हे बाबासाहेबांस उमगेना.

"भावोजी, काय होती ती आधी?" मेहुणे गोड आवाजात म्हणाले.

खाशांचा पाठलागाचा हुकूम सुटला. जेवण गार होईल ऐसा कन्येने अर्ज केला, तो नामंजूर जाहला.

गनीम पेट्रोलपंपावर थांबला, आणि आपली फौज हवा भरण्याचे यंत्रापाशी उतरली. मेहुण्यांणी चाकांपाशी वाकोन ती रुग्णवाहिका ठरविली आणि विजार मळवोन घेतली. बाबासाहेबांणी आधी पावाची गाडी म्हटले, मग शाळेची, मग मसलत करोन जाहीर केले की, सरकते दार उघडताना जो आवाज होईल त्यावरून छडा लावू. आणि कान टवकारोन उभे राहिले. मग मालकीण किटली घेवोन उतरली, ती मागल्या दाराने. आत नजर टाकिता कळले की, सरकत्या दारास आतून कपाट ठोकिले आहे. बाबासाहेबांचे अवसान गळाले.

इतक्यात बाईसाहेब पिशव्या बाजूस सारोन उतरल्या आणि लंगडत नीट मालकिणीपाशी गेल्या. दोघी हसल्या. चहाही जाहला. परतोन त्या म्हणाल्या, "कळलं मला."

"विचारलंस? अगं, नियम मोडलास!"

"नियम तुमचे. गुडघे माझे."

"बरं, पण होती काय ती?"

"आधी पुढची जागा द्या. कायमची."

बाबासाहेबांणी गाडीकडे पाहिले, आसनाकडे पाहिले, कन्येकडे पाहिले. कन्या आरशात आपली भिवई न्याहाळू लागली. आता उत्तर न कळता घरी जावे तर झोप नाही, आणि आसन द्यावे तर राज्य जाते. मग जड अंतःकरणे ते मागे शिरले आणि पिशव्या मांडीवर घेतल्या. बाईसाहेबांणी पुढे बसोन पाय लांब केले, आणि इतक्या वर्षांनी गुडघे सरळ जाहले म्हणोन त्यांचे डोळे भरोन आले.

"दातांचा फिरता दवाखाना होता," त्या म्हणाल्या.

"मी तेच म्हणणार होतो," मागून आवाज आला.

"मग म्हणायचं होतंत."

ऐसी मोहीम फत्ते जाहली. पुढले आसन बाईसाहेबांकडे कायम जाहले, जुना दस्तूर रद्द जाहला, आणि बाईसाहेबांणी आसनाची कळ दाबोन ते आणखी मागे सारिले, तेणेकरोन खाशांस गुडघे म्हणजे काय ते प्रथमच समजले.